करवतकाठी पाहिजे, पण पाखरू नको?

सकाळी दूध आणायला गेले तर चौकातल्या नव्या हायमास्टखाली पाखरांचा, म्हणजे रात्री उजेडावर येणाऱ्या पतंगांचा ढीग. रात्री कुणीतरी फवारा मारला, सकाळी झाडून गोळा केली आणि काडी लावली. वरून ग्रुपवर फोटो, 'अळीचे बाप खलास', त्याखाली अंगठेच अंगठे. ढिगाच्या कडेला एक अर्धा जळालेला पंख होता. मधोमध डोळा आणि त्या डोळ्यात आरपार दिसणारी खिडकी. टसरचा पंख. आपलं कोसा रेशीम देणाऱ्या पतंगाचा! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

गडचिरोलीतल्या आरमोरीकडची माणसं आपण. इथे ऐनाच्या, कहूच्या झाडांवर अळ्या चढवून, मुंग्या-कावळ्यांपासून राखून पिढ्यान्‌पिढ्या कोसा निघाला. लग्नात कोशाची करवतकाठी साडी पाहिजे, अन् जो ती देतो तो दारात आला की झाडू?

मागे एका पावसाळ्यात मी गोठ्यामागे बाबांचं जुनं धोतर बांधून बल्ब लावला होता. बारीकसारीक बरेच आले, मग पंजाएवढा एक येऊन बसला, पिसांच्या मिशा हलवत. कोसा पाळण्यात आयुष्य गेलेले शेजारचे आजोबा काठी टेकत पाहायला आले. म्हणाले, "पोरी, नर आहे हा. मादीच्या वासानं निघाला होता, तुह्या लाईटनं अडवला त्याले. पायलं ना? आता बंद कर." मी बंद केला.

पतंग पाहणं म्हणजे एवढंच. पांढरं कापड, बल्ब, अमावास्येच्या आसपासची दमट, बिनवाऱ्याची रात्र. गूळ अन् पिकून काळं पडलेलं केळं कालवून झाडाच्या खोडाला फासलं तर आणखी वेगळे येतात. २०१२ पासून दरवर्षी जुलैच्या शेवटी जगभरचे लोक आठवडाभर हेच करतात. आपल्याकडे तर जंगल घराला लागून आहे, आणि आपण फवारा घेऊन उभे!

आजोबांचं ते 'अडवला' अगदी खरं होतं. पतंग दिव्याच्या प्रेमात-बिमात पडत नाही. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की हे किडे उडताना उजेडाकडे पाठ करतात, कारण रात्री उजळ बाजू म्हणजे आभाळ. दिवा जवळ असला की बिचारे तिथेच गोल गोल अडकतात. टसरच्या पतंगाला तर खाताही येत नाही. अळी असताना जे खाल्लं त्यावर थोडे दिवस जगायचं, त्यातच जोडीदार शोधायचा. ते दिवस आपण हायमास्टखाली संपवतो.

खोडकिड्याचाही पतंगच असतो, मान्य. आमच्याही धानाच्या बांधीत येतो. मग प्रकाश सापळा बांधीत लावा ना, चौकात सगळ्यांची होळी काहून? देशात पतंगांच्या दहा हजारांवर जाती आहेत, पिकावर उठणाऱ्या त्यातल्या थोड्या. कण्हेरीची पानं खाऊन वाढलेला हिरवा पतंग बघितलाय कधी? तिळावरच्या अळीतून निघणारा, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला तो मोठा पतंग हातात धरला की चक्क चिरकतो. पोट्ट्यांना एकदा ऐकवा, मोबाईल विसरतील. रातवा पक्षी आणि किडे खाणारी वटवाघळं या पतंगांवर पोट भरतात, ते वेगळंच. नीलवंत २०१५ मध्ये राज्याचं फुलपाखरू झालं, आनंद आहे. पण रात्री उडणाऱ्याला मान नाही, हे कुठलं शहाणपण?

त्या रात्री बल्ब बंद केल्यावर आजोबांनी तो नर बोटावर घेतला, गोठ्यापलीकडच्या ऐनाच्या फांदीवर ठेवला आणि "जा बाबा" म्हणाले. आजचा फोटो त्यांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

वाघ फिरतो, साप निघतात, उजेड लागतो, हेही बरोबर. पण त्यासाठी पिवळे, खाली तोंड केलेले दिवे पुरतात, त्यांच्यावर किडे कमी येतात. पांढरा झगझगाट रात्रभर कोणासाठी? पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्याला विरोध करायचा त्याने तिथे समोर येऊन करावा.