‘एका बटणाचं काम, मग एवढा खटाटोप कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्देसूद आहे, म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं मला पटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आकाशाच्या फोटोंच्या प्रोसेसिंगवर लिहिताना मी नवशिक्यांना उगाच घाबरवलं. आज एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर सगळं करून देतं, धूसरपणा आणि नॉइज (चित्रातला नको असलेला दाणेदारपणा) एआय घालवतं. असं असताना ‘सुरुवातीला एकाच डेटावर हाताने काम करा’ हा सल्ला म्हणजे जुन्या लोकांनी दाराला लावलेला अडसर आहे. आणि शेवटी हा सगळा मेकअपच, तो हाताने केला काय नि यंत्राने केला काय!

ही सॉफ्टवेअरं अवघड आहेत, हे तर मीही म्हणतो, आणि तो दोष शिकणाऱ्याचा नाही. पिक्सइनसाइट या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही. सिरिल हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामानाने सोपंही आहे. पण त्याची तयार स्क्रिप्ट चालवायची तर लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस ही चार फोल्डरांची नावं इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, जशीच्या तशी लागतात. (लाइट्स म्हणजे आकाशाचे फोटो, डार्क्स झाकण लावून तितकाच वेळ घेतलेले, फ्लॅट्स एकसारख्या उजेडाचे आणि बायसेस झाकण लावून क्षणभरात घेतलेले.) शेवटचा ‘स’ राहिला की स्क्रिप्ट लाल अक्षरांत एक ओळ टाकते आणि थांबते. रात्रभर जागून आणलेला डेटा आणि समोर ती लाल ओळ! तिथे हाय खाऊन हा नाद सोडणारे लोक मी पाहिलेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तर लिहायला घेतलं.

पण नवशिक्याची गाडी खरी अडते ती मेनूंपाशी नाही. स्टॅकिंग, म्हणजे एकाच दृश्याचे अनेक फोटो (फ्रेम) एकावर एक रचून एक करणं, झालेलं असतं. शंभर फ्रेम एकत्र केल्या की सिग्नलच्या तुलनेत नॉइज एका फ्रेमच्या दहाव्या हिश्शावर येतो (तो वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, शंभराने नव्हे), त्यामुळे पडद्यावर तेजोमेघ (अवकाशातला वायू-धुळीचा उजळ ढग) छान उमटलेला असतो. हौसेने ते चित्र जेपीईजी म्हणून सेव्ह करावं, मोबाइलवर उघडावं, तर काळाकुट्ट चौकोन आणि त्यात चार-दोन ठिपके! फाइल बिघडली, असं वाटून माणूस पुन्हा स्टॅकिंग करतो. पुन्हा तेच.

फाइल मुळीच बिघडलेली नसते. सिरिलच्या खिडकीत खाली ‘लिनियर’, ‘ऑटोस्ट्रेच’ असे पर्याय असतात. ऑटोस्ट्रेच चित्र उजळतो तो फक्त दाखवण्यापुरता, आतल्या आकड्यांना तो हात लावत नाही. फाइल अजून लिनियरच असते, म्हणजे दुप्पट प्रकाश पडला की पिक्सेलचा आकडाही दुप्पट. कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि तेजोमेघाच्या अंधुक कडा अगदी तळाच्या थोड्याशा पायऱ्यांत दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्या डोळ्याला दिसाव्यात म्हणून ताणायच्या, हेच स्ट्रेचिंग. आणि एकदा ते केलं की दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा हे नातं तुटतं.

माझ्या लेखातल्या क्रमाला तुम्ही ‘लेखकाचा हट्ट’ म्हटलंय. तो क्रम या नात्यातून येतो. शहरी दिव्यांचा उजेड ताऱ्यांच्या प्रकाशात मिसळतो तो बेरीज होऊन, म्हणून तो वजाबाकीने काढता येतो. पण ही वजाबाकी आकडे लिनियर असेपर्यंतच चोख होते. रंगांचंही तेच. फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन चित्रातले तारे ओळखून त्यांचे रंग ‘गाया’ या अवकाशयानाच्या तारासूचीसारख्या सूचीशी ताडून पाहतं, आणि त्याला लाल-हिरव्या-निळ्याची मूळ गुणोत्तरं शाबूत लागतात. म्हणून आधी पार्श्वभूमीचा उजेड काढायचा, मग रंग, मग स्ट्रेच. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, हे बदलत नाही. कुठलंही साधन उचलण्याआधी ‘चित्र अजून लिनियर आहे की स्ट्रेच झालंय?’ एवढं स्वतःला विचारायची सवय लागली, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो, असं माझं ठाम मत आहे.

आता एका बटणाबद्दल. बटणाशी माझं भांडण नाही, स्क्रिप्टा मीही वापरतो. प्रश्न येतो तो निकाल चुकतो तेव्हा. समजा, फ्लॅट घेऊनही चित्राचे चारही कोपरे उजळ आणि मध्य काळपट आलाय. फ्लॅटने कोपऱ्यांतला अंधार घालवायचा, तर त्याने उलटंच केलं. बहुतेक वेळा कारण साधं असतं: लाइट फ्रेममधून बायस किंवा डार्क वजा झालेला नसतो, आणि कॅमेऱ्याने प्रत्येक पिक्सेलमध्ये मुळातच घातलेला तो ठरावीक आकडाही फ्लॅटच्या भागाकारात कोपऱ्यांपाशी फुगतो. ज्याने एकदा तरी या पायऱ्या हाताने केल्यात तो डार्कच्या फोल्डरमध्ये डोकावतो. ज्याने नुसतं बटण दाबलंय तो पार्श्वभूमी सपाट करणारं साधन पुन्हा पुन्हा फिरवतो. त्यात कोपरे सपाट होतात, पण तेजोमेघाचा अंधुक विस्तारही पुसला जातो, आणि तो पुसला गेलाय हे त्याला कळतही नाही. याचं मला दुःख होतं.

एकाच डेटावर काम करा म्हणतो तेही यासाठीच. दर वेळी नवा डेटा घेतला तर चित्र सुधारलं ते तुमच्या हातामुळे की त्या रात्रीच्या स्वच्छ आकाशामुळे, हे ठरवणार कसं?

मेकअप हा शब्द मात्र मला लागला, तेव्हा त्यावर जरा बोलतो. डेव्हिड मॅलिन हे अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेतले छायाचित्रकार. संगणकावरचं प्रोसेसिंग घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी ते डार्करूममध्ये काचेच्या प्लेटांवर हाताने हेच करत होते. अनशार्प मास्किंग (धूसर प्रतीच्या मदतीने बारीक तपशील उठवायची रीत) ते वापरायचे, प्लेटवरची अतिशय अंधुक प्रतिमा वर काढायची रीतही त्यांनी बसवली. या कामातून लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची पुसट कवचं दिसली, आणि १९८६ साली एक अवाढव्य पण कमालीची अंधुक दीर्घिका हाती लागली. तिला आज मॅलिन १ म्हणतात. तो प्रकाश प्लेटवर पोचलेलाच होता, प्रोसेसिंगने तो दिसू लागला. नसलेलं रंगवणं आणि असलेलं दिसू देणं यांतला फरक मी कुणालाही सोडू देणार नाही, तुम्हालाही नाही.

एआय साधनांबद्दल माझी खरी धास्तीही हीच. ती उत्तम काम करतात, नॉइज घालवण्यात तर हाताने केलेल्या कामापेक्षा बरेचदा सरस ठरतात. पण तारे वेगळे काढणारं साधन कधीकधी छोटी दूरची दीर्घिका किंवा तेजोमेघातली एखादी लखलखीत गाठ तारा समजून उचलतं. धूसरपणा घालवणारं साधन जोरात चालवलं तर नॉइजलाच तंतूंचा आकार देतं, आणि ते दिसतातही सुंदर. ते तंतू खरे आहेत का, हे पाहायला मूळ स्टॅक शेजारी उघडून ताडायची सवय लागते. ती सवय आधी लागावी आणि साधन नंतर हाती यावं, एवढंच माझं मागणं आहे.

शेवटी तुम्ही ओझरता विचारलेला प्रश्न: मृगातल्या एम ४२ तेजोमेघाचा मधला भाग पांढराफटक होतो आणि चित्रावर हिरवी झाक राहते. हिरव्याचं कारण सोपं आहे. रंगीत सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरवे असतात आणि त्या रंगाला सेन्सर अधिक संवेदनशीलही असतो. वरच्या क्रमाने पार्श्वभूमी आणि रंग दुरुस्त करा, हिरवा नॉइज काढणारं साधन त्यानंतरही झाक उरली तरच वापरा. मधल्या भागासाठी स्टॅक नको, एकच सुटी रॉ फ्रेम उघडा आणि ट्रॅपेझियमच्या चार ताऱ्यांभोवतीच्या तेजोमेघावर कर्सर नेऊन आकडे वाचा. ते कमाल मर्यादेला टेकलेले असतील तर तिथला तपशील टिपलाच गेलेला नाही, तो कुठल्याही स्ट्रेचने परत येणार नाही. तिथे काही सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्याव्या लागतील, त्यांचा वेगळा स्टॅक करावा लागेल आणि मास्क (चित्राचा ठरावीक भागच दिसू देणारं आवरण) लावून दोन्ही जोडावे लागतील. आकडे मर्यादेच्या खाली असतील तर दोष स्ट्रेचचा आहे. मग एकदम न ताणता दोन-तीन टप्प्यांत ताणा, किंवा सिरिलमधला जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरून उजळ भाग सांभाळा. आकडे काय आले ते इथेच कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.