‘हार्डवेअर बिघडलं असतं तर संगणक सुरूच झाला नसता’ हे खरं नाही

ग्रुपांवर एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो. गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना संगणक अचानक बंद पडत असेल, तर दोष विंडोजचा नाहीतर व्हायरसचा. हार्डवेअर बिघडलं असतं तर संगणक सुरूच झाला नसता. तापमान ठीक, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ६५० वॅटचा, रॅमची चाचणी पास. तेव्हा फॉरमॅट मारा. हे ऐकून लोक कामाच्या फाइली गमावतात, दुकानात पैसे भरतात आणि पुढच्या जड कामाला संगणक पुन्हा तसाच बंद पडतो. म्हणून यातला एकेक दावा तपासू.

पहिला दावाच सगळ्यात घातक आहे. डेस्कटॉप नुसता उघडा असताना संगणकाला फार थोडी वीज लागते. रेंडर सुरू झालं की तीच मागणी कित्येक पटींनी वाढते. थकलेला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग), सैल बसलेला कनेक्टर किंवा झिजलेला प्रोसेसर हलक्या कामात निभावून नेतो. जड काम आलं की मात्र उघडा पडतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरांचं हेच झालं. संगणक रोज व्यवस्थित सुरू व्हायचे, पण अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचे काही गेम शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार करण्याच्या जड कामात कोसळायचे आणि पडद्यावर संदेश यायचा, व्हिडिओ मेमरी संपली! साहजिकच लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकली, ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. जुलै २०२४मध्ये इंटेलने सांगितलं की मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या, चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये बायोसच्या (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून दुरुस्ती आली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. मात्र आधीच झिजलेली चिप त्या अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. तिथे फॉरमॅट काय करणार?

‘तापमान ठीक आहे’ यावरून फक्त प्रोसेसर तापला नाही एवढंच कळतं. प्रोसेसर तापला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ७० अंशांवर पडदा एकदम काळा होत असेल तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा. एसएमपीएसच्या आतलं तापमान तर बहुतेक संगणकांत दिसतच नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तो आधीच तापलेली हवा आत ओढत असतो.

एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा सलग भाराचा असतो. ग्राफिक्स कार्डाची मागणी मात्र क्षणभरासाठी जाहीर आकड्याच्या कितीतरी वर उसळते. म्हणूनच २०२२च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, अशी अट आली. जुना किंवा हलक्या दर्जाचा एसएमपीएस अशा उसळीला संरक्षण म्हणून स्वतःला बंद करून घेतो, किंवा त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४च्या खाली घसरते. साध्या मल्टिमीटरवर इतकी छोटी घसरण दिसत नाही. खात्रीचा एसएमपीएस कुणाकडून तात्पुरता आणून लावून पाहणं हाच सरळ उपाय.

रॅमच्या चाचणीची एक फेरी पास झाली म्हणजे रॅम निर्दोष ठरत नाही. बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून, एकेक पट्टी लावून पाहा.

फॉरमॅटने आणखी एक नुकसान होतं, पुरावाच पुसला जातो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की कुणी विंडोजला, कुणी एसएमपीएसला दोषी ठरवतं. ती नोंद फक्त एवढंच सांगते की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण सांगत नाही. तिच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (विंडोजच्या हार्डवेअर-चुका टिपणाऱ्या भागाच्या) नोंदी असतील तर गोष्ट वेगळी, कारण ती हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक असते. आधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

ड्रायव्हरमुळेही संगणक कोसळतात, हे मी नाकारत नाही. ते पडताळायला मात्र फॉरमॅट लागत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि तेवढाच लोड द्या. तिथेही बंद पडला तर विंडोज निर्दोष आहे. तिथे तासन्‌तास टिकला तर मग ड्रायव्हरच्या मागे लागा. तुमच्या फाइली तरी जागेवर असतील.