द्राक्षबागेतल्या ओलावा सेन्सरवरच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोनच तारे का दिले, ते तुम्ही स्पष्ट लिहिलंय: एवढे पैसे मोजून ॲपवर नुसते रंग दिसतात, आकडा नाही, ओढ्याकडच्या सेन्सरचं युनिट ॲपवर डिसेंबरपासून सारखं राखाडी दिसत होतं, आणि सेन्सर बसवायला आमच्या माणसाने उगाच अर्धा दिवस घालवला.

आधी रंगांचं सांगतो, कारण आमचा सगळ्यात जास्त विचार त्यावरच झालाय. मातीतला ताण, म्हणजे मुळांना पाणी ओढायला लागणारा जोर, सेंटीबारमध्ये मोजतात. आकडा जेवढा मोठा, तेवढी माती कोरडी. पण ३५ सेंटीबारला मुरमाड जमिनीत पाणी सोडायची वेळ आलेली असते, आणि भारी काळ्या जमिनीत अजून थांबायचं असतं. त्यात खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या छाटणीनंतर) काडीत घड तयार होताना आपण पाणी मुद्दाम कमी ठेवतो, मणी फुगताना तसं चालत नाही. म्हणजे एकाच प्लॉटमध्येही त्याच आकड्याचा अर्थ महिन्यागणिक बदलतो. आणि रात्री थ्री फेज आल्यावर व्हॉल्व्ह फिरवायला जाणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो. त्याला ‘पाणी सोडा’, ‘वाफसा आहे’, ‘बंद ठेवा’ एवढं एका नजरेत कळलं पाहिजे (वाफसा म्हणजे मातीत पुरेसा ओलावा). जमिनीचा प्रकार आणि छाटणीची तारीख आम्ही बसवतानाच भरून घेतो, ती याचसाठी. तुम्हाला आकडे हवेत ते रास्तच आहे. रंगावर बोट दाबून धरा, सेंटीबार आणि मागच्या आठवड्याचा आलेख उघडेल.

राखाडी म्हणजे नवीन नोंद आलेली नाही. तिथे शेवटचा हिरवा रंग तसाच ठेवता आला असता, पण त्यावर विसंबून कुणी पाणी तोडलं तर नुकसान बागेचं होतं. ते मला मान्य नाही. आता कारण: ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबरपर्यंत मांडव भरतो. पानांतलं पाणी रेडिओ लहरी शोषतं, मांडवाच्या तारा त्यात भर घालतात. आपली युनिटं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतात. त्याला परवाना लागत नाही, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा त्या लहरी पानांतून बऱ्याच लांब जातात. तरी ओढ्याकडे उतार आहे, मांडवही दाट. तिथे अँटेना मांडवाच्या वर काढावी लागेल. काठी खांबालाच बांधू, म्हणजे फवारणीचा ब्लोअर फिरायला ओळ मोकळी राहील.

बसवायच्या वेळेबद्दल मात्र मी ठाम आहे. काळ्या मातीत सेन्सरभोवती पोकळी राहिली, तर माती ओली असूनही तो कोरडी दाखवतो. म्हणून त्याच खड्ड्यातली माती कालवून, चिखल भरून, दाबून बसवावं लागतं. हे काम आम्ही घाईत करणार नाही.

या आठवड्यात आमचा माणूस अँटेना घेऊन येईल, त्याचे पैसे नाहीत. फवारणी नसेल तो दिवस कळवा. तुमच्याकडे व्हॉल्व्ह बघणाऱ्या माणसालाही थांबायला सांगा. मीही येतोय, त्याला कुठे अडतं ते मला त्याच्याकडूनच ऐकायचंय.