समेटाची बैठक आणि सुटकेची तयारी एकाच तक्त्यात कोंबू नका

कारागृहांमध्ये पीडित आणि बंदी (कैदी) यांच्यातला समेटाचा संवाद आणि सुटकेनंतरचं पुनर्वसन ही दोन कामं पुष्कळदा एकाच अधिकाऱ्याकडे, एकाच वार्षिक उद्दिष्टाखाली दिलेली असतात. दोन्ही 'सुधारणे'ची कामं, म्हणून एकत्र. माझं मत ठाम आहे: ही कामं एकत्र बांधली की दोन्ही बिघडतात. संवादाचा वेग ज्याची हानी झाली त्याच्या मनावर अवलंबून असतो. पुनर्वसनाचा वेग सुटकेच्या तारखेवर ठरतो आणि ती तारीख कुणासाठी पुढे सरकत नाही.

आधी संवादाबद्दल, म्हणजे ज्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात त्याबद्दल. त्याची आधुनिक सुरुवात सांगताना १९७४ सालचं कॅनडातल्या एल्मायरा गावचं प्रकरण हमखास येतं. दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली, आणि परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या सूचनेवरून ते नुकसान झालेल्यांच्या दारोदार जाऊन त्यांना भेटले. ही गोष्ट ऐकून अनेकांना वाटतं की दोघांना समोरासमोर बसवलं की काम झालं. मालमत्तेच्या नुकसानीत ते कधीकधी चालूनही जातं. खून, गंभीर मारहाण, जबरी चोरी अशा प्रकरणांत मात्र प्रत्यक्ष भेट हा सगळ्यात छोटा भाग असतो. भेट दोन-तीन तासांची आणि तयारी काही महिन्यांची, हे प्रमाण गृहीत धरूनच माणसं नेमावीत.

पहिला संपर्क कारागृहानं करू नये. पीडितांना मदत करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेनं करावा. पत्राची सुरुवात 'त्याला तुम्हाला भेटायचं आहे' अशी कधीच नको, कारण नकार देणाऱ्यावर त्या वाक्याचं ओझं पडतं. 'तुम्हाला काही विचारायचं आहे का, काही कळवायचं आहे का', इतकंच विचारावं. पर्याय सगळे मांडावेत: समोरासमोर भेट, मध्यस्थामार्फत निरोपांची देवाणघेवाण, उत्तराची अपेक्षा नसलेलं पत्र, तशाच प्रकारच्या दुसऱ्या गुन्ह्यातल्या बंद्यांशी गटात बोलणं, आणि यातलं काहीच नको असणं. शेवटचा पर्याय निवडणाऱ्याला पुन्हा फोन जाता कामा नये. मन बदललं तर कुणाला कळवायचं, तेवढं त्याच्या हातात लिहून द्यावं.

बंद्याच्या बाजूनं पहिली अट म्हणजे घडलेल्या गोष्टीतली मूळ तथ्यं त्याला मान्य असणं. अपील प्रलंबित असेल तर थांबलेलं बरं. संयुक्त राष्ट्रांच्या २००२ सालच्या मूलतत्त्वांनुसार संमती दोन्ही बाजूंची आणि खुशीची हवी, ती कधीही मागे घेता आली पाहिजे, आणि सहभाग हा पुढच्या कारवाईत गुन्ह्याच्या कबुलीचा पुरावा ठरता कामा नये. हे बंद्याला त्याच्या भाषेत, सहीआधी समजावून सांगावं लागतं. वाचून न दाखवलेला छापील फॉर्म म्हणजे संमती नव्हे.

तयारीच्या बैठका दोघांशी वेगवेगळ्या होतात. काय विचारायचं आहे? कोणतं उत्तर ऐकणं सहन होणार नाही? सोबत कोण बसणार? खोलीत आधी कोण येणार, दाराजवळची खुर्ची कुणाची, थांबायचं असेल तर खूण कोणती? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण बैठक फिसकटते ती बहुतेक वेळा याच जागांवर. समोरचा आधीच बसलेला दिसला, कॉरिडॉरमध्ये अचानक गाठ पडली, 'का केलंस' याला 'आठवत नाही' असं उत्तर आलं. मध्यस्थाला ते उत्तर आधीच माहीत असायला हवं आणि पीडितालाही त्याची कल्पना दिलेली हवी. माफी मागण्याची आणि माफ करण्याची अपेक्षा तर कुणाकडूनच ठेवायची नाही. घरगुती आणि लैंगिक हिंसेची प्रकरणं साधं प्रशिक्षण घेतलेल्या मध्यस्थाकडे देऊ नयेत. तिथे नजरेनं, एखाद्या शब्दानं, खोकण्यानंसुद्धा धाक घालता येतो आणि तो तिसऱ्या माणसाला दिसत नाही.

बैठकीनंतरची रात्र फार दुर्लक्षित राहते. बंदी बराकीत परततो आणि दार बंद होतं. स्वतःला इजा करून घेण्याची शक्यता तेव्हा वाढते, म्हणून त्या पाळीच्या कर्मचाऱ्यांना तपशील न सांगता 'आज लक्ष ठेवा' एवढं कळवलेलंच हवं. पीडिताला एक-दोन दिवसांत फोन, मग आठवड्यानं पुन्हा.

आता बिघाडाचं मुख्य कारण. बैठकीत भाग घेतला की पॅरोलच्या वेळी चांगला शेरा मिळतो, ही व्यवस्था. तसं झालं की बंदी पाठ केलेली वाक्यं बोलतो, पीडिताला ती ऐकताक्षणी कळतात, आणि आपला पायरीसारखा वापर झाला ही भावना त्याला पुन्हा जखमी करते. बैठकीचा अहवाल सुटकेचा निर्णय घेणाऱ्या मंडळाकडे जाऊच नये. कायद्यानं जाणं भागच असेल, तर ते पीडिताला पहिल्याच भेटीत लेखी सांगावं. 'वर्षात अमुक बैठका' असं उद्दिष्ट देण्यालाही माझा विरोध आहे, कारण त्या आकड्याचा दाब शेवटी नकार देऊ पाहणाऱ्या माणसावर येतो.

या कामाची जाहिरात 'गुन्हे कमी करणारा उपाय' म्हणून करणंही मला पटत नाही. २०१३ सालच्या एका मोठ्या आढाव्यात यादृच्छिक पद्धतीचे (म्हणजे सोडतीनं गट पाडून केलेले) १० प्रयोग आणि १,८८० गुन्हेगार होते. पुन्हा गुन्हा करण्यात घट दिसली, पण माफक. पीडितांचं समाधान मात्र नेहमीच्या प्रक्रियेपेक्षा जास्त होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे करायचं, त्यांनाच ते उपयोगी पडतं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

पुनर्वसनाचं काम याच्या उलट्या टोकाकडून, तारखेपासून मागे मोजत करायचं असतं. नेल्सन मंडेला नियमांतला, म्हणजे बंद्यांच्या वागणुकीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या किमान नियमांतला, १०७वा नियम शिक्षेच्या सुरुवातीपासूनच सुटकेनंतरचा विचार करायला सांगतो. १०८वा नियम कागदपत्रं, राहण्याची जागा, काम, हवामानाला साजेसे कपडे आणि मुक्कामी पोचण्याची सोय मोजून सांगतो. प्रत्यक्षात शेवटच्या काही आठवड्यांत धावपळ होते आणि सगळ्यात आधी अडतात ते कागद. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून खातं नाही आणि भाड्याची खोली नाही, खोली नाही म्हणून पुन्हा पत्ता नाही. हे चक्र तोडायला एखाद्या संस्थेचा पत्ता अधिकृतपणे वापरण्याची परवानगी लागते आणि ती मिळवायला महिने जातात. किमान सहा महिने आधी अर्ज निघाला नाही, तर तो माणूस बिनकागदाचा बाहेर पडणार असं धरून चाला.

सुटकेचा वारसुद्धा महत्त्वाचा. शुक्रवारी दुपारी सुटलेल्या माणसाला निवारा, दवाखाना, भत्त्याचं कार्यालय असं सगळं दोन दिवस बंद मिळतं. स्कॉटलंडनं २०१५ साली आणि इंग्लंड-वेल्सनं २०२३ साली कायदा करून अशी सुटका एक-दोन दिवस अलीकडे घेण्याची मुभा दिली. याला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि तरीही तो बदल करायला इतकी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं.

कारण पहिले दोन आठवडे जीवघेणे असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२.७ पट होता आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनानं मृत्यूचा धोका १२९ पट. आत असताना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो. म्हणून उपचार आत असतानाच सुरू व्हावेत, ओपिऑइडची (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांची) सवय असलेल्याच्या हाती नॅलोक्सोन हे अतिसेवनावरचं उताऱ्याचं औषध द्यावं, आणि बाहेरच्या दवाखान्याची वेळ सुटकेआधी ठरलेली असावी. मनोविकार, क्षयरोग, मधुमेह, एचआयव्ही यांची औषधं चिठ्ठीच्या रूपात देऊ नयेत, पिशवीत घालून द्यावीत.

समुपदेशनाच्या गटांबद्दल थोडं. सगळ्यांना सगळे गट देणं हा न्याय वाटतो, पण तसा तो नाही. कमी जोखमीच्या, म्हणजे पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता मुळात कमी असलेल्या माणसाला कडक कार्यक्रमात घातलं तर त्याची नोकरी आणि नाती तुटतात, संगत बदलते, आणि पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता वाढते. मध्यम जोखमीला साधारण १०० तास पुरतात, जास्त जोखमीला २०० किंवा त्याहून अधिक लागतात. त्यात साठाव्या तासाला बदली झाली की नव्या कारागृहात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तासांची नोंद बंद्याबरोबर प्रवास करत नसेल, तर तो गट अपुरा दिलेल्या औषधासारखाच.

बाहेरच्या देखरेखीत अटी जितक्या जास्त तितकी सुरक्षितता, ही समजूतही मोडायला हवी. कामाच्या वेळेतच हजेरीला बोलावलं तर नोकरी जाते आणि नोकरी गेली म्हणून अट मोडते. याउलट १९९४ साली कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये सुरू झालेली 'सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटेबिलिटी' ही पद्धत मला जास्त पटते. एकट्या पडलेल्या, लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा भोगलेल्या माणसाभोवती प्रशिक्षित स्वयंसेवकांचं छोटं मंडळ असतं. ते नियमित भेटतं, बँकेत सोबत जातं आणि खोटं बोलला तर तोंडावर विचारतं.

मग ही दोन कामं कुठेच भेटत नाहीत का? भेटतात, पण एका पानापुरती. समेटात भरपाई ठरली असेल तर रक्कम, हप्ता आणि पहिल्या हप्त्याची तारीख त्या पानावर हवी, आणि ती तारीख पहिला पगार हातात येण्याच्या नंतरची हवी. सुटकेच्या महिन्यातलाच हप्ता लिहून ठेवला तर तो चुकतो, आणि चुकलेला हप्ता पीडिताला पैशापेक्षा फार मोठी गोष्ट सांगून जातो. त्याच पानावर पीडिताचा राहण्याचा आणि कामाचा परिसर टाळण्यासाठी आखलेली सीमा असावी, म्हणजे निवारा शोधणारा त्याच गल्लीत खोली बघणार नाही. ती सीमा इतकी मोठी धरावी की बंद्याला तिच्यावरून घर ओळखता येऊ नये. आणि पीडिताला हवं असेल तर सुटकेची तारीख कोण, कधी, कुठल्या नंबरवर कळवणार, ते नावानिशी. बैठकीत कोण काय बोललं, कोण रडलं, यातला एकही शब्द त्या पानावर नसावा.