पी५३ ‘जागं’ करून कॅन्सर टळत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कॅन्सर होतो कारण पी५३ हे रक्षक जनुक झोपलेलं असतं, अमुक पावडर घेऊन ते जागं करा, वाढवा. पुरावा काय, तर हत्ती: त्याच्याकडे पी५३ जास्त, म्हणून त्याला कॅन्सर होत नाही. आणि ‘बीआरसीए जनुक’ असेल तर कॅन्सर ठरलेलाच.

‘झोपलेलं असतं.’ निरोगी पेशीत ते शांतच असायला हवं! पी५३ प्रथिन तयार होतं आणि एमडीएम२ नावाचं प्रथिन लगेच त्याची विल्हेवाट लावतं. डीएनए तुटला की ही पकड सुटते, पी५३ साठतं आणि पी२१ हे प्रथिन तयार करवतं. पी२१ मुळे पेशीला विभाजनाकडे नेणारी सीडीके एंझाइमं अडतात. त्यामुळे आरबी या दुसऱ्या रक्षक प्रथिनावर फॉस्फेट चढत नाहीत, ते नक्कल सुरू करवणाऱ्या ई२एफ या प्रथिनाला धरून बसतं आणि डीएनएची नक्कल सुरूच होत नाही. तेवढ्यात दुरुस्ती होते. नुकसान फारच असेल, तर पी५३ पेशीला मरायला लावतं.

‘वाढवा.’ कुठलं वाढवायचं? सुमारे निम्म्या कॅन्सरांत पी५३ जनुकच बिघडलेलं असतं, आणि अशा गाठींत हे निकामी प्रथिन बरेचदा ढिगाने साठलेलं दिसतं. इतकं, की १९७९ मध्ये सापडल्यावर जवळपास दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारंच समजलं जात होतं. बरं, चांगलं पी५३ सतत चालू ठेवलं तर? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अतिसक्रिय पी५३ असलेल्या उंदरांना गाठी कमी झाल्या, पण ते अकाली म्हातारे झाले: हाडं ठिसूळ, पाठीला बाक, आयुष्य कमी.

हत्तीची गोष्ट अर्धी खरी. त्याच्या जीनोममध्ये (एका पालकाकडून येणाऱ्या जनुकांच्या संचात) पी५३ जनुकाच्या सुमारे २० प्रती आहेत, माणसात एकच. पण त्या उत्क्रांतीतून आल्या, आहारातून नव्हे. आणि हत्तींनाही कॅन्सर होतो, क्वचित.

राहिलं बीआरसीए. ही जनुकं प्रत्येकाकडे असतात. तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे त्यांचं काम. धोका त्यांच्या बिघडलेल्या प्रतीचा. बीआरसीए१ मध्ये असा बिघाड असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. धोका मोठाच, पण ‘ठरलेला’ नव्हे, कारण दुसऱ्या पालकाकडून आलेली चांगली प्रतही सहसा एखाद्या पेशीत निकामी व्हावी लागते. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून हेच दोन आघातांचं गणित मांडलं होतं. घराण्यात असा इतिहास असेल तर जनुकीय समुपदेशन घ्यावं. बिघाड आढळलाच, तर एमआरआय तपासण्या लवकर सुरू करता येतात.