इलिनॉयचे गव्हर्नर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

ज्या वाचकांना अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे गव्हर्नर व्हायचे असेल, त्यांनी त्या राज्याचे माजी गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांचा कित्ता गिरवावा.

सर्वप्रथम सासरा पारखून घ्यावा. शिकागोच्या नगरसभेतील वजनदार सभासद सासरा म्हणून लाभला की राज्याची विधानसभा, 1997 मध्ये अमेरिकेची संसद (काँग्रेस) आणि 2003 मध्ये गव्हर्नरपद, अशा पायऱ्या भराभर चढता येतात. निवडणूक भ्रष्टाचाराविरुद्धच लढवावी. मावळते गव्हर्नर जॉर्ज रायन लाच घेऊन वाहनचालक परवाने वाटल्याच्या प्रकरणात बदनाम झालेले असावेत आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याचेही आडनाव, कोणतेही नाते नसताना, रायनच असावे. नशीब म्हणतात ते हेच.

केस नेहमी विंचरलेले असावेत.

ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यामुळे त्यांची अमेरिकेच्या सिनेटमधील जागा रिकामी झाली आणि ती भरण्याचा अधिकार गव्हर्नर म्हणून आपल्या हाती आला, तर असे सोने फुकट देऊ नये. मात्र फोनवर सौदा ठरवताना एफबीआय ऐकत आहे का, याची चौकशी करावी. ब्लागोयेविच यांनी ती केली नाही. डिसेंबर 2008 मध्ये अटक झाली आणि जानेवारीत राज्याच्या सिनेटने 59 विरुद्ध 0 मतांनी त्यांना पदावरून दूर केले. अशा वेळी खचून न जाता ट्रम्प यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकावे. ही ओळख पुढे उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. लहान मुलांच्या इस्पितळाला कधीही विसरू नये. तेथील डॉक्टरांचा सरकारी मोबदला सुमारे 80 लाख डॉलरांनी वाढवण्याचे आश्वासन द्यावे, मग इस्पितळाच्या प्रमुखाकडून निवडणूक निधीसाठी 50 हजार डॉलर मिळावेत अशी अपेक्षा धरावी, आणि ते येत नाहीत असे दिसताच अंदाजपत्रकाची अडचण पुढे करून ती वाढ मागे घेता येईल का, हे सहकाऱ्याला विचारावे. आजारी मुलांच्या उपचारांवर वर्गणी! गल्लीतला खंडणीखोरसुद्धा निदान दुकानदार गाठतो.

परवा शिकागोच्या उपनगरात एका मराठी घरी जेवताना एक सुशिक्षित गृहस्थ श्रीखंड वाढून घेत म्हणाले, ‘‘सगळेच खातात हो, हा बिचारा पकडला गेला एवढेच. आता तर माफीही मिळाली.’’ पंगतीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बिचारा? अपील न्यायालयाने सिनेटच्या जागेसंबंधीचे पाच आरोप रद्द केले हे खरे, पण इस्पितळाचा आरोप टिकला आणि 2016 मध्ये शिक्षेचा फेरविचार होऊनही 14 वर्षे कायम राहिली. ट्रम्प यांनी 2020 मध्ये त्यांना तुरुंगातून सोडले आणि 2025 मध्ये माफी दिली, म्हणून खंडणीची देणगी होत नाही. तुम्ही याच राज्यात कर भरता, याच शहरातल्या इस्पितळांत मुलांना घेऊन जाता आणि तरीही अशा माणसाची कड घेता. ‘सगळेच खातात’ म्हणणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या मतांवरच ही माणसे दोनदोनदा निवडून येतात. जरा लाज बाळगा.