‘चालू साइटला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वेबसाइट सांभाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘साइट चालू आहे ना? मग सर्व्हरला हात लावू नका. अपग्रेड करा म्हणणं हा होस्टिंगवाल्यांचा पैसे काढायचा धंदा. करायचंच झालं तर होस्टिंगच्या पॅनलमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निवडा. बॅकअप त्यांच्याकडे असतोच. बिघडलं तर पुन्हा जुनी आवृत्ती निवडा.’ मी रोज हेच काम करतो. हा सल्ला ऐकून लोक गोत्यात येताना पाहिलेत, म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘चालू आहे ते चालू द्या.’ साइट दिसतेय याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा होत नाही. पीएचपी म्हणजे साइटचा कोड ज्या भाषेत चालतो ती, आणि मायएसक्यूएल म्हणजे साइटची माहिती साठवणारा डेटाबेस. पीएचपी ७.४ चा अधिकृत पाठिंबा २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला, मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यानंतर सापडलेली भोकं मूळ प्रकल्प बुजवत नाही. जून २०२४ मध्ये विंडोजवर सीजीआय या (सर्व्हरने कोड चालवायच्या एका) पद्धतीने चालणाऱ्या पीएचपीत गंभीर त्रुटी उघड झाली. विशिष्ट मांडणीच्या सर्व्हरवर बाहेरच्या माणसाला स्वतःचे आदेश चालवता येत होते. ८.१, ८.२ आणि ८.३ साठी लगेच दुरुस्ती आली. ८.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांची मुदत संपलेली, त्यामुळे त्यांना काहीच मिळालं नाही. हल्ले मात्र काही दिवसांतच सुरू झाले.

तरीही नुसता आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नका. लिनक्स या सर्व्हरवरच्या प्रणालीची काही वितरणं आणि काही होस्टिंग कंपन्या जुन्या आवृत्त्यांना स्वतः ठिगळं लावत राहतात. होस्टिंगवाल्यांना सरळ विचारा: आमच्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या कोण देतं, आणि कधीपर्यंत?

‘पैसे काढायचा धंदा.’ पीएचपी फुकट आहे. उलट जुनं टिकवायलाच पैसे पडतात. ॲमेझॉनच्या आरडीएस या भाड्याने डेटाबेस देणाऱ्या सेवेत मायएसक्यूएल ५.७ चालू ठेवायला मार्च २०२४ पासून वेगळा आकार लागतो.

‘पॅनलमध्ये नवी आवृत्ती निवडा.’ निवडायला दोन क्लिक लागतात हे खरं, पण सर्व्हर त्यांचा असला तरी त्यावरचा कोड तुमचा आहे. पीएचपी ८.० मधून ‘ईच’ आणि ‘क्रिएट_फंक्शन’ ही फंक्शन्स काढून टाकली आहेत. जुन्या थीम आणि प्लगइनमध्ये ती हमखास सापडतात. होस्टिंगवाले तुमचा कोड वाचत बसणार नाहीत. त्यांच्याकडून मागायची ती स्टेजिंग, म्हणजे साइटची हुबेहूब प्रत, नव्या आवृत्तीवर उभी केलेली. तिथे आधी ईमेल बंद करा आणि पेमेंट चाचणी मोडवर टाका, नाहीतर खऱ्या ग्राहकांना खोट्या पावत्या जातील. मग एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद होते ती फाइल, उघडा ठेवून प्रत्येक फॉर्म भरून पाहा. पहिलं पान दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

दोन गोष्टी जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. एक, नव्या आवृत्तीची सेटिंग्ज फाइल बहुधा वेगळी असते. तुम्ही कधीकाळी वाढवून घेतलेली अपलोडची मर्यादा मूळच्या २ एमबीवर येते आणि फोटो चढेनासे होतात. दुसरी, क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं. पॅनलमध्ये बदललेली आवृत्ती वेबसाठी असते. कमांड लाइनवरची पीएचपी वेगळी असू शकते. साइट छान चालते आणि रात्रीचे स्मरणपत्रांचे ईमेल मात्र गुपचूप बंद पडतात.

‘बॅकअप त्यांच्याकडे असतोच.’ इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत खाक झाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. तेव्हा एक प्रत दुसरीकडे, तुमच्या ताब्यात हवीच.

आणि ती प्रत उघडून बघायला हवी. एकदा एका संस्थेच्या साइटचं अपग्रेड होतं. बॅकअप पॅनलमधून उतरवलेला, फाइलचा आकारही भरघोस. शेवटाकडे गेलो तर सदस्यांच्या टेबलात एका पत्त्याच्या मधोमध ओळ तुटलेली. वेळमर्यादा संपली तशी निर्यात अर्ध्यावर थांबली होती, आणि पॅनलने चकार शब्द काढला नव्हता. मायएसक्यूएलडम्प या आदेशाने घेतलेला डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) पूर्ण झाला असेल तर एरवी शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड’ हे शब्द दिसतात. ते बघायला दहा सेकंद लागतात. त्यानंतर तो डम्प एका रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून पाहा. देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा घोळ आहे, आणि तो अपग्रेडच्या आधी कळलेला बरा.

‘बिघडलं तर मागे जा.’ पीएचपीपुरतं हे खरं आहे, होस्टिंगवाल्यांनी जुनी आवृत्ती काढून टाकलेली नसेल तोवर. डेटाबेसचं तसं नाही. मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर उतरायची सोय नाही. अपग्रेडच्या आधीचा बॅकअप पुन्हा चढवणं हाच रस्ता. मधल्या काळात आलेल्या ऑर्डर, नोंदण्या, प्रतिक्रिया त्यात नसतात. म्हणून शेवटचा बॅकअप घेण्याआधी साइट देखभाल मोडवर टाका आणि तपासणी संपेपर्यंत तशीच ठेवा. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रँक’ हा राखीव शब्द झालाय. त्या नावाचा कॉलम असेल आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) तो बॅकटिकच्या (`) खुणांत नसेल, तर क्वेरी तिथेच अडते. स्टेजिंगवर डेटाबेसही नव्या आवृत्तीचाच मागा, तो यासाठी.

हे सगळं होस्टिंगवाल्यांकडे केलेल्या तक्रारीच्या तिकिटात लेखी घ्या: बॅकअप कुठे आणि किती दिवस राहतो, जुनी पीएचपी कधीपर्यंत मिळेल, डेटाबेस पीएचपीबरोबरच बदलणार की वेगळा, त्या वेळी त्यांच्याकडचं माणूस उपलब्ध असेल का. शक्य असेल तर दोन्ही बदल वेगवेगळ्या दिवशी करा, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं. आणि शुक्रवारी संध्याकाळची वेळ देत असतील तर मंगळवारची सकाळ मागून घ्या. महिनाअखेरचे अहवाल एकदा नव्या सर्व्हरवर नीट निघेपर्यंत जुना बॅकअप पुसू नका.